शीव

खाट नंबर अकरा : जोमा कडू.
आडनाव कडू, जन्म मिठागरात,
आणि उशाशी पाटीवर लाल खडूनं : मीठ बंद.

पायांत पाणी भरलेलं. बोट दाबलं
की खड्डा पडतो, आणि बराच वेळ तसाच राहतो,
ओहोटीच्या चिखलातल्या पावलासारखा.
'पाणी अडवायचं कसं ते मला म्हाईत, बाय,
सोडायचं कसं ते तुमच्या डॉक्टरांना.'
हे सगळं तो रात्री तीनला बोलतो,
मी त्याची लघवी मोजत असते तेव्हा.

खिडकीतून त्याला टेकडी दिसते. टेकडीवर बुरूज,
म्हणजे बुरुजाचं जे उरलंय ते.
'तिथून आमचा आगर दिसायचा, आणिकचा.
तुझे गुडघे धड आहेत. जा नं एकदा.
बघून ये, राशी लागल्या का.'

सात वर्षं याच टेकडीखालून कामावर येते,
वर कधी गेले नव्हते.
माघातली सकाळ. नाईट संपवून गेले तशीच.
बागेत हास्यक्लब घड्याळ लावून हसत होता,
तोफेवर एक पोरगं पालथं झोपलेलं.
पायऱ्या मोजल्या नाहीत. श्वास मोजले, सवयीनं :
मिनिटाला अठ्ठावीस.
दुसऱ्या कुणाचे असते तर ऑक्सिजन लावला असता.

वरच्या चौकीला छप्पर नाही.
पिंपळाची मुळं दगडाला धरून आहेत
की दगड मुळांना, सांगता येत नाही.
भिंतीवर नाण्यानं कोरलेली रेश्मा, तीनदा,
तिन्ही वेळा वेगळ्या अक्षरात.
कोनाड्यात कुत्री व्यालेली. तिनं माझ्याकडे पाहिलं
आणि गुरगुरायचं ठरवून, सोडून दिलं.

साडेतीनशे वर्षांपूर्वी इथं कुणी उभं असेल.
कंपनीचा पगारी. भंडारी असेल, कोळी असेल.
अलीकडे इंग्रज, पलीकडे फिरंगी, मधे खाडी.
इथं मुलूख संपायचा, म्हणून शीव.
स्टेशनच्या पाटीवर ते नाव अजून आहे,
बोलताना सगळे सायनच म्हणतात.
त्याला सांगितलेलं : काही आलं तर ओरड.
बहुतेक रात्री काही आलंच नसणार.
काही न येण्याकडे जागं राहून बघायचं,
एवढंच काम.
मला ते कळतं.

मग फिरून चौफेर पाहिलं.
धारावीचे पत्रे, त्यावर निळी ताडपत्री, त्यावर टायर.
चेंबूरच्या चिमणीची ज्योत, दिवसाही पेटलेली.
हमरस्ता. वडाळ्याकडचे काचेचे मनोरे, अर्धे धुरक्यात.
खाजण कुठं, खाडी कुठं?
एक पांढरं काही चमकलं आग्नेयेला,
मीठ असेल,
ओळीत उभ्या केलेल्या गाड्याही असतील.
डोळे बारीक करून, हाताची नळी करून,
वीस मिनिटं त्या चमकण्याकडे पाहत राहिले.

उतरण्याआधी मागे वळले तर आमचं हॉस्पिटल,
इतकं जवळ की लाज वाटली.
गच्चीवर टाक्या, हिरव्या चादरी वाळत,
तिसरा मजला, जिन्यापासून चौथी खिडकी.
कुणी पाहत नाहीसं बघून ओढणी काढली
आणि हलवली. दोनदा.
कुत्री पाहत होती.

रात्री त्याला सांगितलं : लागल्यात.
पांढऱ्याशुभ्र. ओळीनं.
तो हसला, खोकला, पुन्हा हसला.
'खोटारडी. माघात शुभ्र कुठून?
नवं मीठ मळकं असतं, चिखलाच्या अंगाचं.
शुभ्र होतं ते तुमच्या दुकानात.'
मग जरा थांबून :
'पण वर उभी व्हतीस खरी.
मोरपंखी काय तरी हललं. मी बी हात केला,
हा, सुईवाला. दिसला?'

दिसला, म्हणाले.

वहीत लिहिलं : आत सहाशे, बाहेर नऊशे पन्नास.
वाकून त्याच्या घोट्यावर बोट दाबलं.
खड्डा आज लवकर भरला.
डाव्या पायाचा. उजव्याचा अजून नाही.